हिरवं देऊ की लाल? जुन्या गाडीचं कूलंट निवडताना

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव, मागितलं की काउंटरवरचा माणूस मान वर न करताच विचारतो, "हिरवं देऊ की लाल?" नवखा माणूस इथंच फसतो. मीही फसलो होतो. मामांकडून माझ्याकडे आलेली १९९८ची मारुती ८००, आत हिरवं कूलंट. एका सर्व्हिसिंगला पातळी कमी दिसली म्हणून गॅरेजवाल्याने हाताशी होतं ते लाल वरून ओतलं. मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. पाच-सहा महिन्यांनी खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लालच्या दिशेने सरकू लागला. गाडी कडेला घेऊन तासभर थांबलो, मग बॉनेट उघडून कूलंटच्या ओव्हरफ्लो बाटलीत डोकावलो तर आत चक्क कॉफीच्या रंगाचा लगदा. पुढे इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवणं, त्याचं फेसिंग म्हणजे तळ घासून सपाट करणं, हेडखालचं नवं गॅस्केट (सील), रेडिएटरच्या नळ्या साफ करायचं रॉडिंग असं सगळं रामायण झालं. तेव्हापासून या विषयात डोकं घातलं, आणि जे कळलं ते पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी इथं क्रमाने मांडतोय.

आधी रंग डोक्यातून काढा

कूलंटचा मुख्य माल म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. ते पाण्यासारखंच रंगहीन असतं. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हा नुसता मिसळलेला रंग. गळती चटकन दिसावी आणि चुकून कोणी पिऊ नये म्हणून घातलेला. कोणत्या प्रकाराला कोणता रंग द्यायचा याचा सगळ्या कंपन्यांना लागू असलेला नियम नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं, दुसरीचं हिरवं अगदी वेगळ्या रसायनाचं निघतं. त्यामुळे "माझ्या गाडीत हिरवं आहे, हिरवंच द्या" हे म्हणणं "मला पांढरी गोळी द्या" असं औषधाच्या दुकानात सांगण्यासारखं आहे.

दुसरा गैरसमज थंडीचा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येतेच, पण तेवढ्याने कुणाच्या इंजिनाचा ब्लॉक (मुख्य धातूचा ठोकळा) फुटत नाही. पाणी गोठू नये म्हणून कूलंट, ही गरज लडाखला किंवा हिमाचलला गाडी नेणाऱ्यांची. आपल्याकडे कूलंटचं खरं काम गंज आणि क्षार रोखण्याचं, आणि थोडंसं उकळी लांबवण्याचं.

थोडंसं म्हटलं ते मुद्दाम. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साधारण १०७ अंशांच्या आसपास. म्हणजे फायदा सहा-सात अंशांचा. आता रेडिएटरचं झाकण बघा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाब, बार या एककात. ०.९ बारचं झाकण नीट चालत असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे अठरा अंशांचं काम एकटं झाकण करतं! घाटात तर हवेचा दाबच कमी, महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर आत कितीही महागडं कूलंट असो, गाडी तापणार. म्हणून माझा पहिला सल्ला कूलंटचा नाहीच. जुनी गाडी घेतलीत की आधी नवं झाकण घ्या, जुन्यावर जो आकडा आहे त्याच आकड्याचं. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होस पाईप आणि रेडिएटरचे सांधे ते सहन करतीलच असं नाही.

गाडीच्या पोटात कोणते धातू आहेत ते बघा

निवड इथून सुरू होते. इंजिन थंड असताना बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या टाकीवर बोट फिरवा. टाकी धातूची, काळा रंग दिलेली, कडेला डाग दिल्यासारखे सांधे असतील तर रेडिएटर तांब्या-पितळेचा. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप यांत हाच. त्याचे सांधे शिशाच्या सोल्डरने जोडलेले असतात. टाकी काळ्या प्लॅस्टिकची आणि खाली चंदेरी जाळी, कडेने धातूच्या दातांनी दाबून बसवलेली असेल तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत रेडिएटर एकदा तरी बदललेला असतो, त्यामुळे 'या मॉडेलमध्ये अमुकच येतो' या ज्ञानावर न जाता डोळ्यांनी बघा.

इंजिनचंही तसंच. ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. मारुती ८००चं हेड ॲल्युमिनियमचं. बीड गंजतं आणि लाल चिखल करतं. ॲल्युमिनियम गंजत नाही असं वाटतं, पण त्याला आतून खड्डे पडतात, आणि तापलं की ते वाकतं. हेडचं फेसिंग करणाऱ्या लेथवाल्याकडे एकदा जाऊन बघा, रांगेत ठेवलेली हेडं बहुतेक ॲल्युमिनियमचीच दिसतील.

आत्ता आत काय आहे, याची बशीतली परीक्षा

थंड इंजिन. हे पुन्हा सांगतो, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं कारंजं तोंडावर घेणं. वरचा होस पाईप हाताने दाबून बघा. गरम किंवा टणक लागला तर चहा प्यायला जा.

थंड झाल्यावर झाकण उघडा आणि सुई नसलेल्या सिरिंजने थोडं कूलंट काढून पांढऱ्या बशीत घ्या. ही बशी नंतर स्वयंपाकघरात परत न्यायची नाही. स्वच्छ, पारदर्शक, तळाशी काही नाही तर प्रकृती बरी. विटकरी रंग आणि तळाशी रवाळ गाळ म्हणजे बिडाचा गंज. बरीच वर्षं नुसतं नळाचं पाणी घातलेलं असणार. वर तेलाचे थेंब तरंगत असतील किंवा ऑइलच्या दांडीवर दुधाळ साय दिसत असेल तर कूलंट निवडण्याची घाई करू नका, हेड गॅस्केट तपासून घ्या. आणि रंग पिवळट, वास ओळखीचा वाटला तर हसू नका: रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची हा हायवेवरचा जुना तोडगा आहे. गळती खरंच थांबते. पण हळदीला गळतीचं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही बुजवते.

घरी मल्टीमीटर असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. दोन व्होल्टच्या डीसी रेंजला ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा. मात्र धातूला टेकू देऊ नका. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली असं समजा. आतल्या दोन वेगळ्या धातूंमध्ये आता ते कूलंट बॅटरीतल्या पाण्यासारखं वागू लागलंय, आणि त्यात झिजतोय तुमचा रेडिएटर. इंजिन चालू करून दिवे लावल्यावर आकडा एकदम वाढला तर मात्र कूलंट बाजूला ठेवून आधी अर्थिंगच्या वायरी बघा.

बाटलीच्या मागची बारीक अक्षरं

पुढच्या बाजूला गाडी धावत असते, मागे खरं लिहिलेलं असतं. तिथे तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, रसायनाचं कुटुंब. आयएटी हे जुनं कुटुंब. यातली सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी द्रव्यं आतल्या सगळ्या धातूंवर पातळ थर देतात, भिंतीला चुन्याचा हात मारतात तसा. संरक्षण लगेच मिळतं, तांबं-पितळ-सोल्डर सगळं सांभाळलं जातं, पण चुना उडतो तसा हा साठाही संपतो. दोन वर्षं किंवा चाळीसेक हजार किलोमीटर, की बदलायचं. ओएटी हे नवं कुटुंब, सेंद्रिय आम्लांचं. ते सगळीकडे थर देत बसत नाही, गंज जिथे सुरू होतो तिथेच काम करतं, म्हणून पाच वर्षं टिकतं. ॲल्युमिनियमला उत्तम, शिशाच्या सोल्डरला आणि काही जुन्या रबर-गॅस्केटना मात्र तितकंसं मानवत नाही. तिसरं कुटुंब दोघांचा मेळ, त्याला एचओएटी म्हणतात.

या तिसऱ्यात एक गंमत आहे. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, कारण ते वॉटर पंपाचं सील घासतं असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असतं. युरोपातलं पाणी जड, फॉस्फेट आणि जड पाण्यातला कॅल्शियम एकत्र आले की गाळ बसतो, म्हणून युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळून सिलिकेट वापरतात. मारुतीचं मूळ सुझुकीचं, तेव्हा ती जपानी घराण्यातली. फियाट उनो, ओपल ॲस्ट्रा या युरोपीय.

दुसरी गोष्ट, मानक. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काहीतरी छापलेलं असावं. मानकाचा आकडा म्हणजे मालाने काही किमान चाचण्या पार केल्या एवढंच; तो तुमच्या गाडीचाच आहे याचा दाखला नव्हे. पण आकडाच नसलेली बाटली खाली ठेवून द्या.

तिसरी, कॉन्सन्ट्रेट की प्रीमिक्स. प्रीमिक्स तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळायचं, प्रमाण मागे असतं. बऱ्याच बाटल्यांवर एकास तीन लिहिलेलं दिसतं. म्हणजे फक्त पंचवीस टक्के. गोठण्याच्या दृष्टीने ते इथे पुरतं, पण गंजरोधक द्रव्यंही त्याच प्रमाणात पातळ होतात. जुन्या गाडीत मी एकास दोनच्या खाली जात नाही. लडाखला जायचं तर निम्मं-निम्मं. आणि जास्त ते चांगलं म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात ग्लायकॉल धरू शकत नाही, आणि नुसतं ग्लायकॉल तर उणे तेरा अंशांनाच गोठतं, तर निम्म्या मिश्रणाला उणे छत्तीस-सदतीस लागतात.

बाटली खरी आहे का हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बऱ्यापैकी कळतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जड असतं. एका रिकाम्या बाटलीत खूण करून तेवढं पाणी भरा, वजन घ्या. मग त्याच खुणेपर्यंत कूलंट भरून वजन घ्या. लिटरमागे कॉन्सन्ट्रेट शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्त भरायला हवं, निम्मं-निम्मं प्रीमिक्स साठ-सत्तर ग्रॅम. पाण्याइतकंच भरलं तर तुम्ही रंगीत पाणी विकत आणलंय. एकदा फार स्वस्तात मिळालेल्या एका डब्याचं असं वजन केलं होतं, फरक दहा ग्रॅमचाही नव्हता. ते मी शेवटी फ्लशिंगला वापरलं.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं आयएटी घ्या आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदला. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल, गाडी मारुती किंवा दुसरी जपानी वंशाची असेल, तर फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं कूलंट. युरोपीय गाडीला मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराचं. आत आधी काय होतं हे माहीत नसेल तर ते ओळखत बसण्यात अर्थ नाही, सगळं काढून धुऊन नव्याने सुरुवात करा. 'सगळ्या रंगांत मिसळा' असं छापलेलं कूलंट रस्त्यात अडचणीच्या वेळी ठीक. कायमचा उपाय म्हणून मी ते घेत नाही. लिटरला चढा भाव लावणारं बिनपाण्याचं कूलंट रोजच्या वापरातल्या गाडीला कशाला?

एक धोक्याची सूचना. आजवर नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट घातलं की कधीकधी आठवड्याभरात ती गळायला लागते, आणि लोक कूलंटला शिव्या देतात. कूलंट पाण्यापेक्षा सहज बारीक फटीतूनही सरकतं, आणि भोकं धरून बसलेला गंज सोडवतं. भोक आधीचंच असतं. तेव्हा पहिल्या भरणीआधी होस पाईप पिळून बघा, चिरा दिसल्या तर बदला, क्लिपा नव्या लावा. इंजिनच्या ब्लॉकवरचे डमी प्लग (भोकं बुजवणाऱ्या गोल पत्र्याच्या चकत्या) गंजलेत का तेही टॉर्च मारून बघा.

पाणी

बोअरचं पाणी नको, टँकरचं नको, नळाचंही नको. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळीत बसतो, आणि जपानी पद्धतीच्या फॉस्फेटवाल्या कूलंटला तर जड पाण्याचं वावडंच. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात. एसीतून ठिबकणारं पाणी काही जण भरतात. ते मऊ असतं हे खरं, पण सोबत कॉइलवरची धूळ आणि धातूही येतात. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तो घ्या. फक्त लेबल दोनदा वाचा, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये ठेवलेलं असतं.

धुणं आणि भरणं

गाडी सपाट जागी, इंजिन थंड, खाली परात किंवा पसरट टब. हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमकडे फिरवा, म्हणजे हीटरच्या नळीत अडकलेलं जुनंही निघेल. झाकण काढा, रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. तो प्लॅस्टिकचा असेल तर पक्कड लावू नका, वयाने कडक झालेला असतो, डोकं तुटून हातात येतं. हलत नसेल तर खालचा होस काढा. बाटलीतलंही सगळं ओतून टाका आणि ती ब्रशने घासा.

प्लग बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा, पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा, पुन्हा थंड होऊ द्या, पुन्हा काढा. निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. माझ्या गाडीला चार वेळा लागलं. आधी लगदा झालेला असेल किंवा हळद गेलेली असेल तर घरच्या धुण्याने भागणार नाही, रेडिएटरवाल्याकडून काढून साफ करून घ्या. याच वेळी कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी थंड राहील" म्हणालं तर नाही म्हणा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह; त्याच्याविना इंजिन वेळेत गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि तापण्याचं मूळ कारण तसंच लपून राहतं. बिघडलेला असेल तर नवा घाला.

भरताना एक हिशेब लक्षात ठेवा. धुतल्यावर सगळं पाणी कधीच बाहेर येत नाही, ब्लॉकमध्ये बरंच उरतं. ८००सारख्या छोट्या गाडीत एकूण साडेतीन लिटरच्या आसपास मावतं, आणि त्यातलं लिटरभर आत राहिलेलं असू शकतं. मग वरून प्रीमिक्स भरलं तर ते आतल्या पाण्याने पातळ होतं. म्हणून पहिल्या भरणीला मी कॉन्सन्ट्रेटच घेतो. एकूण मापाच्या एक तृतीयांश, म्हणजे जवळपास सव्वा लिटर, आधी ओततो, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी.

सावकाश भरा, मध्येमध्ये वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. झाकण न लावता इंजिन चालू करा. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडतो, पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरा, झाकण लावा. हवा आत राहिली तर हीटर गार वारा फेकतो आणि काटा मात्र वर चढतो. गाडीचं नाक चढावर करून पुन्हा भरलं की बहुतेकदा एअर लॉक सुटतो. ज्या जुन्या गाडीला ओव्हरफ्लोची बाटलीच नाही तिचा रेडिएटर गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा. कूलंट तापून फुगतं आणि जास्तीचं रस्त्यावर सांडतं.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, बाटलीतली पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर चालेल. रोजच उतरत असेल तर ते कुठेतरी जातंय. खाली ओल दिसत नसेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का ते बघा; येत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि कुत्र्या-मांजरांचा त्याने जीव जातो. मांजराला तर अगदी थोडंसंही पुरतं. पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा. जुनं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मार्करने 'विष' लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

शेवटचं काम दोन मिनिटांचं, आणि मी ते आधी केलं असतं तर खंबाटकीचा तो तास वाचला असता. बॉनेटच्या आतल्या बाजूला, बाटलीच्या अगदी वर, एक चिठ्ठी चिकटवा. माझ्या गाडीत असं लिहिलंय: "जपानी, फॉस्फेटवालं, एकास दोन, डिस्टिल्ड. भरल्याची तारीख व किमी खाली. दुसरं काही ओतू नये, कमी पडल्यास फक्त डिस्टिल्ड पाणी." परवा सर्व्हिसिंगला नव्या पोराने कूलंटची बाटली उघडून हातात घेतली होती. चिठ्ठी वाचली, बाटलीचं झाकण परत लावलं आणि मला विचारलं, "साहेब, डिस्टिल्ड आणू का?"